सिस्टीम ॲनालिस्टनं आता नेमकं काय शिकावं? उद्यमबागेतून एक लांबलचक उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारा खानापूर तालुक्यातला, बेळगावात एमसीए केलेला, आणि दोन वर्षांपासून उद्यमबागेतल्या (बेळगावची औद्योगिक वसाहत) एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कंपनीत, ईआरपी (खरेदी, स्टोअर, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) सपोर्टला आहे. त्याला सिस्टीम ॲनालिस्ट व्हायचंय, म्हणजे कामाला सॉफ्टवेअरकडून नेमकं काय हवं ते शोधून लिहून देणारा माणूस. तो म्हणतो, "एआय सगळी डॉक्युमेंटं लिहायला लागलंय, कामं कुठल्याही देशातून कुठंही जातात, मग आम्ही शिकायचं तरी काय? माझं इंग्रजी बेताचं आहे. पुण्याला नाही तर बेंगळुरूला गेल्याशिवाय भागेल का?" सोबत शिकायच्या गोष्टींची यादी जोडलीय: एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय, जिरा, प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग आणि एखादं सर्टिफिकेट.

यादीतलं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, आजच धरा आणि पक्कं करा. मी नोकरीला लागलो तेव्हाही ते होतं, आजही आहे. समोरचा सांगतोय ते खरं आहे का, हे डेटा उघडून स्वतः बघता आलं पाहिजे, आणि त्याला दुसरा इलाज नाही. बाकीची हत्यारं आहेत. ती दर चार-पाच वर्षांनी बदलतात, आणि ज्या कंपनीत जाल तिथलं हत्यार महिन्या-दोन महिन्यांत हातात बसतं. खरा बदल झालाय तो कामाच्या जागेत. पूर्वी ॲनालिस्टचं डोकं सिस्टीमच्या पोटात असायचं. आता ते तिच्या कडांवर असावं लागतं, म्हणजे आपली सिस्टीम जिथं सरकारच्या, गिऱ्हाइकाच्या, बँकेच्या, जॉब-वर्करच्या (आपला माल नेऊन त्यावर मजुरीनं काम करून देणारा) सिस्टीमला भिडते तिथं. भानगडी तिथंच होतात आणि पैसाही तिथंच मिळतो.

नव्वदच्या दशकात इथल्या बऱ्याच फौंड्र्यांत एक 'ईडीपी डिपार्टमेंट', म्हणजे कॉम्प्युटरचं खातं, असायचं. एसी तेवढ्या एकाच खोलीला. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात सगळ्या खात्यांचे लोक काही ना काही निमित्त काढून येऊन बसायचे, आणि खरं सांगायचं तर निम्म्या रिक्वायरमेंट्स त्या गप्पांतच कळायच्या. फॉक्सप्रोत प्रोग्रॅम, डॉट मॅट्रिक्सवर रिपोर्ट. प्रश्न ठरलेले: एंट्री कोण करणार, मंजुरी कुणाची, रिपोर्ट कसला पाहिजे. स्टोअरवाले, अकाउंट्सवाले, पीपीसीवाले (उत्पादनाचं नियोजन करणारे) सगळे हाकेच्या अंतरावर. चूक झाली तरी ती कंपाउंडच्या भिंतीआड राहायची. बिलाचा नंबर चुकला तर ते फाडायचं आणि दुसरं काढायचं.

तुम्हाला कॉलेजात डीएफडी (माहिती कुठून कुठं वाहते त्याचं चित्र) आणि ईआर डायग्रॅम (कुठली माहिती कशाशी जोडलीय त्याचं चित्र) शिकवले असतील. ईआर मॉडेल १९७६ चं आहे आणि अजून मोडीत निघालेलं नाही, ते बिनधास्त वापरा. फक्त डीएफडी काढताना कडेला जो एक चौकोन काढून आपण मोकळे होतो, 'ग्राहक' किंवा 'सरकार' असं लिहून, आता सगळी मेख त्या चौकोनात आहे.

साधं बिल घ्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा लोकांना वाटलं, कराचे दर बदलले, मास्टर अपडेट केला की झालं. मग १ ऑक्टोबर २०२० पासून ई-इन्व्हॉइस सुरू झालं, आधी ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना. २०२१ च्या जानेवारीत मर्यादा १०० कोटींवर आली, एप्रिलमध्ये ५० वर. २०२२ च्या एप्रिलमध्ये २० आणि ऑक्टोबरमध्ये १०. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. म्हणजे उद्यमबाग, मच्छे, होनग्यातल्या मधल्या आकाराच्या कंपन्या एकेक करून तीन वर्षांत या जाळ्यात आल्या. आपल्यावर कधी पाळी येणार हे ज्या ॲनालिस्टला आधी दिसत होतं, त्याच्या कंपनीत गडबड झाली नाही. बाकीच्यांनी शेवटच्या आठवड्यात व्हेंडरला फोन लावले.

या ई-इन्व्हॉइसमध्ये आपली सिस्टीम बिल तयार करते, पण त्याला बिलपण येतं ते सरकारी पोर्टलवर. बिलाची जेसन (मशीनला वाचता येणारी) फाइल पोर्टलला जाते, तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो, आणि मगच ते बिल ग्राह्य. हा आयआरएन विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि कागदाचा नंबर यांवरून बनतो. म्हणून बिल रद्द केलं तरी तोच नंबर त्या वर्षात पुन्हा वापरता येत नाही. रद्द करायचं तर पोर्टलवर २४ तासांच्या आत, पुढं गेलात तर क्रेडिट नोट. दुरुस्ती पोर्टलवर होतच नाही. आता १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावरच्या उलाढालीवाल्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंद करावीच लागते.

हे सगळं कायद्याचं झालं. ॲनालिस्टचं काम इथून पुढं. रात्री साडेआठला गाडी गेटवर उभी आहे, पोर्टल उत्तर देत नाहीय, ड्रायव्हर शिव्या घालतोय. आपल्या बाजूला बिल तयार, पण आयआरएन आला की नाही ते माहीत नाही. विनंती तिकडं पोचून उत्तर इकडं यायचं राहिलं असेल तर? पुन्हा पाठवलं तर 'डुप्लिकेट' म्हणून परत येणार. तेव्हा डिस्पॅचच्या माणसाच्या पडद्यावर काय दिसलं पाहिजे? त्याला कुठली बटणं द्यायची आणि कुठली मुळीच द्यायची नाहीत? माल बाहेर पडला, बिल दुरुस्त करायचंय आणि चोविसावा तास उलटलाय, तर फोन कुणाला करायचा? असे प्रश्न आधी सुचणं हे आजचं कौशल्य. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या डेमोत पोर्टल कधीच बंद पडत नाही.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. इथली कास्टिंग (ओतीव भाग) मशिनिंगला बाहेर जातात, जॉब-वर्कला. मच्छ्याला गेली तर ती राज्यातल्या राज्यात. गोकुळ शिरगावला किंवा शिरोलीला गेली तर सीमेवरचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की महाराष्ट्र. एरवी ई-वे बिलाला, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाला, ५०,००० रुपयांची मर्यादा आहे. पण माल जॉब-वर्कसाठी दुसऱ्या राज्यात जात असेल तर रकमेची मर्यादा लागतच नाही, दहा हजारांचा माल असला तरी ई-वे बिल हवं. कास्टिंग तीच, किंमत तीच, ट्रकही कदाचित तोच, पण टोलनाक्याच्या पलीकडं नियम वेगळा. बेंगळुरूत बसून ईआरपी बसवणारा ही अट विसरतो. गाडी तवंदी घाटात बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला तर ई-वे बिलाच्या भाग-बमध्ये नवा गाडीनंबर टाकावा लागतो. तो टाकणार कोण, ट्रान्सपोर्टवाला की आपला डिस्पॅच क्लार्क? रात्री अकराला लॉगिन कुणाच्या हातात असतं? शिवाय जॉब-वर्कला गेलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर तो गेला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं. म्हणजे मशिनिंगमध्ये किती तुकडे रिजेक्ट झाले, किती अजून तिकडंच पडून आहेत, हा हिशेब आता कर खात्याशी जोडला गेला. हे तुम्ही सपोर्टला बसून रोज बघताय. त्याकडं 'तिकिटं' म्हणून न बघता अभ्यासाचा विषय म्हणून बघायला लागा.

आता परदेशी गिऱ्हाईक. 'ग्लोबलायझेशन' म्हटलं की लोकांना कॉल सेंटर आठवतं. इथं ते एक्सेल फाइलच्या एका खान्यात दिसतं. जर्मनीतून शेड्यूल आलं, संख्या लिहिलीय १.२५०. त्यांच्याकडं हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम, म्हणजे ते आहेत बाराशे पन्नास नग. आपलं एक्सेल ते वाचतं सव्वा. सव्वा नग म्हटल्यावर कुणीतरी हसतं आणि पकडतं. पण वजन असेल, १.२५० किलो की १,२५० किलो, तर कुणी हसत नाही. तारखेचंही तसंच. ०३/०४ हे जर्मन माणसाचं ३ एप्रिल आणि अमेरिकनाचं ४ मार्च. वेळेचं आणखी निराळं: गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर त्यांच्या दुपारी १२ पर्यंत कन्फर्मेशन द्यायचं असेल तर उन्हाळ्यात ते आपले साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळं बदलतात. अमेरिकेत तारखा वेगळ्या, त्यामुळे मध्ये काही आठवडे दोन गिऱ्हाइकांचं आपसातलं अंतरही बदलतं. हे कुणी शिकवत नाही. सिस्टीममध्ये वेळ साठवताना कुठल्या टाइम झोनची, हे विचारणारा एक माणूस टीममध्ये असला म्हणजे पुरतं. तो माणूस तुम्ही व्हा.

कार्बनचं प्रकरण त्याहून खोल आहे. युरोपीय संघानं १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात मालाच्या उत्सर्जनाची माहिती मागायला सुरुवात केली, आणि १ जानेवारी २०२६ पासून ती यंत्रणा पैशांच्या बोजासकट लागू झाली. लोक तिला सीबॅम म्हणतात. इथं एकदम घाबरून चालत नाही आणि 'आपल्याला काय त्याचं' म्हणूनही चालत नाही. कुठला माल त्यात येतो हे सीमाशुल्काच्या कोडवर ठरतं. लोखंडी पाइप-फिटिंग यादीत आहेत, गाड्यांचे सुटे भाग मूळ यादीत नाहीत, आणि यादी वाढवायच्या हालचाली तिकडं चालू आहेत. मग ॲनालिस्टनं काय करायचं? आयटम मास्टरमध्ये कोड बरोबर आहेत का ते आधी बघायचं. कित्येक ठिकाणी ते दहा वर्षांपूर्वी कुणीतरी अंदाजानं टाकलेले असतात. मग आकडे कुठं आहेत ते शोधायचं: विजेचं बिल अकाउंट्सकडं, भट्टीचं लॉगबुक मेल्टिंगकडं, पिग आयर्न कुठून आलं ते परचेसकडं, आणि स्क्रॅपचं वजन काट्यावरच्या पावतीवर. चार ठिकाणचे चार आकडे, चार वेगवेगळ्या काळांचे. त्यांची मोट बांधणं हे सॉफ्टवेअर घेऊन होत नाही. आधी बसून ठरवावं लागतं की एका टन मालावर किती वीज धरायची आणि रिजेक्शनची वीज कुणाच्या माथी मारायची.

एक गोष्ट जरा जवळून दाखवतो, कारण आपल्या धंद्याचं मर्म तीत आहे. गाड्यांच्या नाहीतर विमानांच्या कामात गिऱ्हाइकाला ट्रेसेबिलिटी पाहिजे असते: हा तुकडा कुठल्या हीटमधला (भट्टीतल्या एका वेळच्या वितळणीतला), त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूच्या घटकांची तपासणी) काय. ईआरपीत ते सोपं दिसतं. एका हीटला एक नंबर, नंबरला एक रिपोर्ट, रिपोर्टला तुकडे जोडले की झालं. ऑफिसात विचारलंत तर सगळे हेच सांगतील, आणि कुणी खोटं बोलत नसतो.

आता सेकंड शिफ्टला भट्टीपाशी उभे राहा. इंडक्शन फर्नेस दर वेळी पूर्ण रिकामी करत नाहीत, तळाला थोडा धातू राहू देतात. त्याला हील म्हणतात. पुढचा चार्ज त्याच्यावर पडतो. म्हणजे नव्या हीटमध्ये जुन्या हीटचा अंश असतोच. पोअरिंगच्या वेळी लॅडलमध्ये (ओतायच्या पात्रात) धातू उरला आणि ठरलेल्या पार्टचे मोल्ड, म्हणजे साच्यांचे बॉक्स, संपले, तर सुपरवायझर शेजारच्या पार्टचे चार बॉक्स ओतून घेतो, ग्रेड जुळत असेल तर. धातू वाया घालवायचा नाही हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तो ते आपल्या छोट्या डायरीत लिहितो, किंवा खांबावर खडूनं. सकाळी एंट्री ऑपरेटर येतो, त्याच्या पडद्यावर एका हीटला एकच आयटम घालता येतो, म्हणून ते चार बॉक्स तो पुढच्या हीटमध्ये टाकतो. सहा महिन्यांनी एखादा तुकडा तिकडं तडकला की गिऱ्हाईक विचारतं, या हीटचा रिपोर्ट पाठवा. आपण पाठवतो. सिस्टीमच्या हिशेबानं तो बरोबर असतो.

यात तंत्रज्ञान कमी पडलेलं नाही. एका हीटला अनेक आयटम हे डेटाबेसमध्ये एका टेबलाचं काम आहे, तुम्ही तासाभरात कराल. अडचण अशी की खांबावरचा खडू कुणाच्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये आलाच नाही. तो येण्यासाठी कुणीतरी रात्री साडेनऊला तिथं उभं राहायला हवं होतं, सुपरवायझरला वाटू नये की हा आपल्या चुका काढायला आलाय अशा बेतानं. फॅक्टरीतला माणूस 'तुम्ही काम कसं करता?' या प्रश्नाला नियमच सांगतो. त्यापेक्षा 'काल शेवटच्या हीटला काय झालं?' असं विचारलं की डायरी निघते.

दूरवरच्या टीमसोबत काम करताना या गोष्टीची किंमत दुप्पट होते. आता युजर इथं, ॲनालिस्ट पुण्यात, डेव्हलपर तिसरीकडं, टेस्टिंग चौथीकडं, आणि पैसे देणारा युरोपात अशी मांडणी सर्रास असते. पाचांपैकी भट्टी फक्त एकानं बघितलेली. त्यानं जे लिहून पाठवलं तेवढंच बाकी चौघांचं जग. म्हणून लिहिणं हे आता सजावटीचं काम राहिलेलं नाही. माझी एक सवय सांगतो: विशेषणं काढून टाकायची आणि उदाहरणं घालायची. "सिस्टीमनं अनेक आयटम सहजपणे हाताळावेत" हे वाक्य कुणाच्या कामाचं नाही. "हीट २१४, पार्ट अ चे ४० बॉक्स, उरलेल्या धातूत पार्ट ब चे ४ बॉक्स, रिपोर्टमध्ये दोन्ही पार्टपुढं २१४ दिसलं पाहिजे" हे व्हिएतनाममधल्या टेस्टरलाही कळतं. अशी आठ-दहा उदाहरणं, त्यांतली निम्मी तरी विचित्र, म्हणजे चांगलं डॉक्युमेंट. सोबत ठरलेल्या गोष्टींची वही ठेवा: काय ठरलं, कुणी ठरवलं, कोणत्या तारखेला, का. वर्षभरानं माणसं बदलतात आणि ती वहीच तेवढी बोलते.

इंग्रजीची भीती यामुळे निम्मी कमी व्हायला हवी. तुम्हाला छोटी, सरळ वाक्यं लिहिता आली पाहिजेत आणि कॉलवर "मला समजलं नाही, एक उदाहरण द्या" असं न लाजता म्हणता आलं पाहिजे. जर्मन, जपानी गिऱ्हाइकांचं इंग्रजीही शिकलेलंच असतं, त्यांना उलट छोटी वाक्यं बरी वाटतात. फर्ड्या इंग्रजीनं भारावणारे लोक भेटतात, पण बिल भरणारे सहसा ते नसतात.

आता एआय. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस आलं आणि तेव्हापासून रोज कुणीतरी विचारतं, ॲनालिस्ट राहणार का. माझं मत स्पष्ट आहे. मीटिंगमध्ये बसून जे बोललं गेलं ते टिपून छान फॉरमॅटमध्ये मांडणं, एवढंच काम करणारे बरेच जण 'बिझनेस ॲनालिस्ट' म्हणून पगार घेत होते. ते काम गेलं, आणि ते गेल्याचं मला दुःख नाही. मिनिट्स, युजर स्टोरीचा पहिला मसुदा, टेस्ट केसेस, एसक्यूएलचा कच्चा खर्डा हे एआय झटपट करतं. जुना फॉक्सप्रोचा कोड, ज्याचा लेखक निवृत्त होऊन गावी शेती बघतोय, तो वाचून त्यात काय चाललंय हे सांगायला तर ते फारच उपयोगी आहे. मी वापरतो.

पण ते गाळलेल्या जागा इतक्या सफाईनं भरतं की जागा गाळली होती हेच कळत नाही. 'हीट ट्रेसेबिलिटीची रिक्वायरमेंट लिही' म्हटलं तर सुंदर चार पानं येतील, आणि त्यांत तुमच्या कारखान्यातला उरलेला धातू नसेल, कारण तो तुम्ही सांगितलाच नाही. म्हणून उलटं वापरा. आधी स्वतः लिहा, मग त्याला विचारा, "यात मी कुठली परिस्थिती धरलेली नाही?" ते वीस गोष्टी सांगेल. बारा फालतू असतील, पाच तुम्हाला ठाऊक असतील, आणि दोन-तीन बघून तुम्ही उठून शॉपवर जाल. कायद्याची प्रत्येक गोष्ट, दर, मर्यादा, तारीख, मुळातल्या अधिसूचनेत बघायची. जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ ला बदलले, आणि जुनी माहिती ठामपणे सांगणारी उत्तरं त्यानंतरही येत राहिली. आणखी एक: गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, किंमतपत्रक, पगाराची यादी कुठल्याही मोफत चॅटमध्ये चिकटवू नका. विमानाच्या भागांचं काम असेल तर ड्रॉइंगवर देशोदेशींचे निर्यात-निर्बंध असतात. नोकरी तर जाईलच, गिऱ्हाईकही जाईल.

एक काळजी मात्र मला वाटते. आम्ही शिकलो ते मिनिट्स लिहून आणि टेस्ट केसेस घासूनच. ती पायरीच निघाली तर तुम्ही वर येणार कसे? यावर कंपन्यांकडं फारसं उत्तर नाही, म्हणून तुम्हीच ते करायला हवं. पहिली दोन वर्षं कच्चा खर्डा स्वतः लिहायचा, एआयचा नंतर शेजारी ठेवायचा.

वैयक्तिक माहितीच्या कायद्यांबद्दल थोडक्यात. युरोपचा जीडीपीआर २५ मे २०१८ पासून आहे, आपला कायदा २०२३ चा. दोन्हींचा गाभा एवढाच: कुणाची माहिती कशासाठी घेतली, किती दिवस ठेवणार, कुणाला देणार, याचं उत्तर डिझाइनमध्येच हवं. आपल्याकडच्या सोसायट्या आणि पतसंस्थांना हे प्रकरण जड जाणार आहे. सभासदाचं नाव खातेवहीत मराठीत, आधारवर कानडी आणि इंग्रजीत, जमिनीच्या उताऱ्यावर कानडीत, आणि तिन्हीकडं थोडं थोडं वेगळं. कुठं वडिलांचं नाव मध्ये, कुठं आडनावाचं नुसतं अक्षर. हे जुळवायला नावावर कधीच विसंबू नका.

त्यावरून भाषेचं. कानडी वाचायला शिका. राजकारण बाजूला ठेवून, पोटापाण्याच्या हिशेबानं सांगतोय. या जिल्ह्यातले महसूल, कामगार, पंचायत यांचे कागद कानडीत येतात, आणि शॉपवरच्या निम्म्या लोकांची ती घरची भाषा आहे. मराठी, कानडी, हिंदी आणि कामचलाऊ इंग्रजी यांत एकाच बैठकीत फिरणारा ॲनालिस्ट मी बाहेर फार थोडा पाहिला. इथं निपाणीच्या आणि खानापूरच्या बाजारात तेच रोज चालतं, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

पुणे की बेंगळुरू? जायला हरकत नाही, पण आत्ताच नको. तुमच्याकडं दोन वर्षांचा फौंड्रीचा अनुभव आहे, तो चार होऊ द्या. डोमेन (एखाद्या धंद्याची आतली माहिती) नसलेला ॲनालिस्ट मोठ्या शहरात हजारांतला एक असतो. कास्टिंग, मशिनिंग, जॉब-वर्क, निर्यात हे आतून माहीत असलेला माणूस शोधावा लागतो. शिवाय एसएपी या मोठ्या ईआरपीच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, त्यामुळे कारखाने नव्या आवृत्तीवर जाताना अशा लोकांना मागणी आहेच. मग तीन-चार वर्षं बाहेर काढा, मोठ्या टीमची शिस्त बघा, परदेशी गिऱ्हाइकाशी रोज बोला. राज्य सरकारचा 'बियाँड बेंगळुरू' कार्यक्रम हुबळी-धारवाड-बेळगाव पट्ट्याकडं कामं वळवू पाहतोय खरा, पण त्याच्या भरवशावर आयुष्याचा बेत आखू नका. साखर कारखाने, हॉस्पिटलं, हत्तरगीचा एअरोस्पेस सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र), व्हीटीयूसारखी (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) विद्यापीठं यांना चांगले ॲनालिस्ट लागतात. ते त्यांना या नावानं मागत नाहीत एवढंच.

येत्या सहा महिन्यांचं विचाराल तर एकच काम सांगतो: तुमच्या कंपनीतलं जॉब-वर्कचं चलन (मालासोबत जाणारा कागद) धरा. माल गेटबाहेर जातो तिथपासून परत येऊन स्टोअरला जमा होतो तिथपर्यंत त्याचा माग काढा, पायानं. जॉब-वर्करच्या शेडमध्ये जा, त्याची वही बघा, चहा प्या. मग एसक्यूएल लावून बघा की गेल्या वर्षभरात किती चलनं उघडी आहेत आणि त्यांतली किती वर्षाच्या मर्यादेला टेकलीत. तुम्हाला जे सापडेल ते दोन पानांत लिहा, एक पान उदाहरणांचं. साहेबांना दाखवताना दोष कुणाचा हे अजिबात लिहू नका, रक्कम लिहा. रक्कम बघितली की पुढचं बोलणं आपोआप होतं.

सर्टिफिकेट करायचं तर दोन-तीन वर्षांनी करा. तेव्हा त्यातले शब्द कशाबद्दल आहेत ते कळेल. आणि रेझ्युमेत 'ईआरपीचं ज्ञान' ही ओळ असेल तर ती काढा. तिच्या जागी या चलनाचं काम चार ओळींत लिहा: काय अडलं होतं, कुठं जाऊन बघितलंत, काय बदललं, किती रक्कम सुटली. इंटरव्ह्यूला मी बसलो तर पहिला प्रश्न त्यावरच विचारीन.